डाळीचं कुलूप शोधणाऱ्या कमला सोहोनी

आधी एक कोडं सोडवा. तिरोड्याच्या बाजारातून डोळे उघडे ठेवून एक चक्कर मारा. कृषी केंद्राबाहेर युरियाच्या गोण्या रचलेल्या दिसतील. मेडिकलमध्ये पॅरासिटामॉलची पट्टी मिळेल. एखाद्या दुकानात मासे धरायचं नायलॉनचं जाळं टांगलेलं असेल. आणि किराण्यात तूर, चणा, वाल, बरबटी, लाखोळी असेलच. आता सांगा, खत, गोळी, जाळं आणि डाळ या चौघांत कॉमन काय?

बीएस्सीवाल्यांनी हात वर करायला हरकत नाही. उत्तर आहे अमाइड बंध. कार्बनचा एक अणू, त्याने दोन हातांनी धरलेला ऑक्सिजन आणि त्याच कार्बनला जोडलेला नायट्रोजन. एवढीच ती रचना. युरियात एकाच कार्बनला दोन नायट्रोजन असतात. पॅरासिटामॉलमध्ये असा एकच बंध असतो. नायलॉनच्या साखळीत तो पुन्हा पुन्हा येतो. डाळीतल्या प्रोटीनमध्येही तोच असतो, फक्त तिथे त्याला पेप्टाइड बंध म्हणतात.

हा बंध भलताच टिकाऊ आहे. म्हणूनच जाळं पाण्यात विरघळत नाही. पण मग डाळ पोटात कशी विरघळते? आणि कधी कधी ती नीट पचत का नाही? या प्रश्नावर आयुष्याची कितीतरी वर्षं घालवणारी एक मराठी बाई होऊन गेली. तिचं नाव कमला सोहोनी. पण डाळीपर्यंत पोहोचायच्या आधी तिला एक दार उघडून घ्यावं लागलं होतं. तिथूनच गोष्ट सुरू करू.

घरातच केमिस्ट्री

कमला भागवत यांचा जन्म 1911 मध्ये इंदूरला झाला. आडनाव ओळखीचं वाटतंय ना? बरोबर. लेखिका आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. 1975 मध्ये आणीबाणी असताना कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून सरकारविरुद्ध बोलल्या, त्याच दुर्गाबाई. म्हणजे गप्प न बसणं हे या घरात एकट्या कमलाचं वैशिष्ट्य नव्हतं.

वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत, दोघेही केमिस्ट. दोघेही बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. तेव्हा तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणायचे. संस्था स्थापन झाली 1909 मध्ये आणि तिथे शिकलेल्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. घरात असं वातावरण, त्यामुळे आपणही तिथेच जायचं हे कमलाने आधीच ठरवून टाकलं होतं.

1933 मध्ये तिने मुंबई विद्यापीठातून बीएस्सी केलं. केमिस्ट्री मुख्य, सोबत फिजिक्स. गुणवत्ता यादीत पहिली. आता यापेक्षा वेगळं काय पाहिजे? अर्ज बंगळुरूला गेला. उत्तर आलं, नाही.

बंगळुरूचं दार

नाही म्हणणारा माणूस साधासुधा नव्हता. संस्थेचे संचालक होते सी. व्ही. रामन. 1930 मध्ये फिजिक्सचं नोबेल मिळवलेले आणि या संस्थेचे पहिले भारतीय संचालक. आपण 28 फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो त्यांच्याच शोधामुळे. नकाराचं कारण मार्कांचं नव्हतं. अर्ज करणारी मुलगी होती, हेच कारण होतं.

कमला बंगळुरूला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. मला कुठल्या नियमाने नाकारलं, हा तिचा प्रश्न होता. तो गांधीजींच्या सत्याग्रहाचा काळ. प्रवेश मिळेपर्यंत ऑफिसबाहेर बसून राहायची तिची तयारी होती, असं सांगितलं जातं. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष तिला नियमित विद्यार्थिनी धरलं जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, गरज पडल्यास रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि तिच्यामुळे लॅबमधलं वातावरण बिघडता कामा नये.

ती तिसरी अट पुन्हा वाचा. मुलांचं लक्ष विचलित झालं तर जबाबदार मुलगी. ही अट 1933 ची आहे, पण तुमच्यापैकी किती मुलींना ती ओळखीची वाटली, हे तुम्हीच तुम्हाला विचारा.

कमलाने अटी मान्य केल्या. मान्य केल्या म्हणजे पटल्या असं नाही. अपमान ती विसरली नाही. नव्वदीच्या दशकात, वयाची ऐंशी वर्षं ओलांडल्यावरही, महिला वैज्ञानिकांसमोर बोलताना तिने हा प्रसंग स्पष्टपणे सांगितला. माणूस शास्त्रज्ञ म्हणून मोठा होता आणि या बाबतीत कोता वागला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे तिने कधी लपवलं नाही.

संस्थेत तिला मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. शिस्तीचे, पण शिकवायला उदार. त्यांच्या हाताखाली तिने दूध आणि डाळी यांतल्या प्रोटीनवर काम सुरू केलं. वर्ष संपलं तेव्हा रामन यांचं मत बदललं होतं. तिला नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेत प्रवेश मिळू लागला. 1936 मध्ये तिने आपला प्रबंध मुंबई विद्यापीठाला सादर करून एमएस्सी मिळवली, विशेष प्रावीण्यासह.

हट्टी बंध

आता थोडी केमिस्ट्री. आर्ट्सवाल्यांनी पान उलटू नका, गोष्ट पुढे याच्यावरच उभी आहे.

अमाइड बंध टिकाऊ का? नायट्रोजनकडे एक मोकळी इलेक्ट्रॉनची जोडी असते. शेजारचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉनचा भुकेला. त्यामुळे नायट्रोजन आपली जोडी थोडी कार्बनकडे सरकवतो. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला बंध मग साधा एकेरी राहत नाही. तो अर्धवट दुहेरी होतो, सपाट होतो, फिरत नाही आणि सहज तुटत नाही. अमाइन बेसिक असतं आणि अमाइड का नसतं, या परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तरही हेच. नायट्रोजनची जोडी आधीच गुंतलेली आहे, ती हायड्रोजन आयनला कशी मिळणार?

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. प्रत्येक अमिनो आम्लाला एका टोकाला अमाइन गट, दुसऱ्या टोकाला आम्ल गट, शिवाय बाजूला स्वतःचा एक वेगळा गट. म्हणजे एकाच रेणूत अनेक प्रकारचे गट. असे शेकडो रेणू अमाइड बंधाने जोडले की प्रोटीन तयार होतं. ही माळ नुसत्या पाण्यात ठेवली तर तिचा एखादा बंध आपोआप तुटायला शेकडो वर्षं लागू शकतात. लॅबमध्ये ती पूर्ण तोडायची तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात 110 अंश सेल्सिअसला सुमारे 24 तास तापवतात. आणि आपलं पोट? 37 अंशांवर, काही तासांत काम संपवतं.

ही कमाल उत्प्रेरकाची, म्हणजे कॅटॅलिस्टची. स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा पदार्थ तो उत्प्रेरक. शरीरातल्या उत्प्रेरकांना एन्झाइम म्हणतात. गंमत म्हणजे ही एन्झाइम स्वतः प्रोटीनच असतात. म्हणजे अमाइड बंधांनी बनलेला पदार्थच अमाइड बंध तोडतो.

आज हे शाळेच्या पुस्तकात आहे, पण कमला शिकत होती तेव्हा हा ताजा वाद होता. अमेरिकेत जेम्स समनर यांनी 1926 मध्ये युरिएज नावाच्या एन्झाइमचे स्फटिक बनवले आणि एन्झाइम हे प्रोटीन असतं असं सांगितलं. अपघातात एक हात गमावलेला हा माणूस. अनेकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. नोबेल मिळालं ते 20 वर्षांनी, 1946 मध्ये. हे युरिएज त्यांनी काढलं होतं एका शेंगेच्या दाण्यांतून. आणि ते करतं काय? युरियातला अमाइड बंध तोडतं. रोवणीनंतर बांधीत युरिया टाकला की मातीतल्या सूक्ष्मजीवांचं युरिएज हेच काम करतं. त्यातून अमोनिया निघतो आणि तो नायट्रोजन पुढे धानाला मिळतो. उत्प्रेरक नसता तर युरिया बांधीत नुसता पडून राहिला असता.

केंब्रिजचा बटाटा

1937 मध्ये कमला शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला, केंब्रिजला गेली. तिथल्या बायोकेमिस्ट्री विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी 1929 चं नोबेल मिळालेले. इथेही प्रमुख नोबेलवालेच होते, पण इथे दाराबाहेर बसावं लागलं नाही. आधी डेरेक रिक्टर यांच्यासोबत आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याबरोबर तिने काम केलं. बायोलॉजीत प्रकाशसंश्लेषणाच्या धड्यात ज्यांच्या नावाची हिल रिअ‍ॅक्शन येते, तेच हे हिल.

काम होतं वनस्पतींच्या श्वसनावर. प्राण्यांच्या पेशींत सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन असतं. पेशीत अन्नापासून ऊर्जा काढली जाते, तेव्हा इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हातात देण्याचं काम ते करतं. सायटोक्रोमवरचं महत्त्वाचं काम केंब्रिजमध्येच डेव्हिड केलिन यांनी 1925 मध्ये केलं होतं. वनस्पतींत काय? कमलाने बटाट्यावर काम करता करता दाखवलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असतं. म्हणजे ऊर्जा मिळवण्याची मूळ यंत्रणा माणसाची आणि बटाट्याची एकच.

प्रबंध किती मोठा होता माहीत आहे? जेमतेम 40 पानांचा, आणि कामाला लागले सुमारे 14 महिने. सबमिशनच्या आदल्या रात्री पानं वाढवणाऱ्या मंडळींनी नोंद घ्यावी. 1939 मध्ये पीएचडी मिळाली.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, अशी कमलाताईंची ओळख बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातून 1931 मध्येच डॉक्टरेट घेतली होती. त्यामुळे पहिली कोण या वादात न पडलेलं बरं. कमलाताईंचं मोठेपण त्या एका शब्दावर अवलंबून नाही. ते पुढच्या कामात आहे.

परत का आल्या?

केंब्रिजची पदवी, नावाजलेल्या लोकांबरोबर काम. परदेशात राहणं अवघड नव्हतं. पण 1939 मध्येच त्या भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात बायोकेमिस्ट्री विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. 1947 मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या. 1949 मध्ये मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्या बायोकेमिस्ट्री विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आता विचार करा. नुकतंच स्वातंत्र्य मिळालेला देश, धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा. समोर हुशार विद्यार्थी आणि एक नवी लॅब. तुम्ही कुठला विषय निवडला असता? केंब्रिजचं सायटोक्रोम पुढे नेता आलं असतं. परदेशी जर्नलमध्ये नाव झालं असतं. कमलाताईंनी विषय निवडला तो गरीब माणसाच्या ताटातला. डाळी आणि कडधान्यं, नीरा, आणि धानाचं पीठ. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुला-मुलींनी वर्षानुवर्षं यावरच काम केलं.

डाळीचं कुलूप

आपल्याकडे मुख्य अन्न भात. तांदळाच्या प्रोटीनमध्ये लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. डाळीत ते भरपूर असतं. उलट डाळीत मेथिओनिन कमी आणि तांदळात त्या मानाने बरं. म्हणून वरण-भात ही जोडी जमते. ज्याला दूध, अंडी, मटण रोज परवडत नाही, त्याचं प्रोटीन म्हणजे डाळच. पण ताटात पडलेलं प्रोटीन अंगी लागतं का? हा खरा प्रश्न.

प्रोटीन अंगी लागायचं तर त्याचे अमाइड बंध तुटले पाहिजेत. त्यासाठी आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम असतं. माळेत जिथे लायसीन किंवा आर्जिनीन येतं, त्याच्या पुढचा बंध ते कापतं. आता गंमत बघा. बऱ्याच शेंगवर्गीय दाण्यांत एक वेगळं प्रोटीन असतं, जे या ट्रिप्सिनच्या तोंडात जाऊन अडकतं. कुलपात दुसरीच किल्ली घातली आणि ती आत मोडून बसली, तसं. मग ट्रिप्सिन ना ती किल्ली नीट कापू शकत, ना दुसरं प्रोटीन. याला म्हणतात ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे ट्रिप्सिन रोधक. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे. दाणा खाणाऱ्या किडीला तो पचला नाही, तर ती दुसरीकडे जाईल. पण त्याच दाण्यावर जगणाऱ्या माणसाचं काय?

अमेरिकेत सोयाबीनवर याचं काम आधीपासून सुरू होतं. 1917 मध्ये ऑस्बॉर्न आणि मेंडेल यांनी दाखवलं होतं की कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. 1945 च्या सुमारास सोयाबीनमधल्या रोधकाचे स्फटिकही बनले. पण सोयाबीन तेव्हा आपल्या ताटात कुठे होतं? आपल्या वालाचं काय, आपल्या भाज्यांचं काय, हे कोणी तपासायचं?

ते कमलाताईंच्या मुंबईतल्या लॅबने तपासलं. 1950 च्या दशकात भारतीय भाज्या आणि डाळींमधल्या ट्रिप्सिन रोधकांवर त्यांच्या गटाचे शोधनिबंध येऊ लागले. 1955 मध्ये वाल आणि डबल बी या दोन दाण्यांतून हा रोधक शुद्ध, स्फटिक रूपात वेगळा काढल्याची त्यांची नोंद नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आली. प्रोटीनचे स्फटिक बनवणं म्हणजे साखरेचे बनवण्याइतकं सोपं नाही. अनेक प्रोटीनच्या खिचडीतून नेमकं एकच निवडून काढावं लागतं. वालाचा दाणा, जो आपण वाटीभर सहज उसळीला टाकतो, तो असा जगापुढे गेला.

आणि मग उपाय? तो आपल्या घरात आधीपासून आहे. भिजवा आणि नीट शिजवा. इथे एक बारकावा लक्षात ठेवा. डाळ शिजवल्याने अमाइड बंध तुटत नाहीत. आताच पाहिलं ना, त्यासाठी तीव्र आम्ल आणि 24 तास लागतात. उकळण्याने फक्त प्रोटीनची घडी उलगडते. माळ तीच, पण किल्लीचा आकार जातो. आकार गेला की ती कुलपात बसत नाही आणि ट्रिप्सिन आपलं काम करायला मोकळं. म्हणजे आजी वाल रात्रभर भिजवून, चांगले मऊ होईपर्यंत शिजवायची, तेव्हा ती रोधकाची घडीच मोडत होती. तिला रेणू माहीत नव्हता, पण पद्धत बरोबर होती.

मग लाखोळीचं काय?

तिरोड्याकडच्या वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. धान निघाल्यावर बांधीत होणारी लाखोळी ही तर आपली डाळ. तिची बदनामी झाली, विक्रीवर बरीच वर्षं बंदी होती. पण तिथला दोषी वेगळा आहे. तो प्रोटीन नाही, एक छोटा रेणू आहे, ज्याला थोडक्यात ओडॅप म्हणतात. महिनोन् महिने दुसरं काहीच न मिळता फक्त लाखोळीच खावी लागली, तर त्याच्यामुळे पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. दुष्काळात तसं घडलं आहे. ओडॅपला मोडायला घडीच नसते, त्यामुळे नुसत्या उकळण्याने तो वालातल्या रोधकासारखा निकामी होत नाही. मात्र तो पाण्यात विरघळतो, म्हणून डाळ भिजवून ते पाणी फेकून दिलं की बराच कमी होतो. दोन डाळी, दोन वेगळे रेणू, दोन वेगळे उपाय. नुसतं वाईट डाळ, चांगली डाळ म्हणून भागत नाही. नेमकं काय आणि किती, हे विचारावं लागतं. कमलाताईंच्या लॅबची सवय हीच होती.

नीरा आणि चार वर्षांची वाट

दुसरा विषय नीरा. ताड आणि शिंदीच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाताईंनी यावर काम घेतलं. नीरेत आणि तिच्यापासून बनवलेल्या ताडगुळात कोणती जीवनसत्त्वं आहेत, लोह किती, ते टिकतं का, हे सगळं मोजलं. आदिवासी भागातली कुपोषित किशोरवयीन मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिली, तर तब्येत सुधारते, हे दिसून आलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पुरस्कार मिळाला म्हणून सगळं सुरळीत झालं, असं समजू नका. इन्स्टिट्यूटचं संचालकपद त्यांना मिळायला हवं होतं तेव्हा मिळालं नाही. अंतर्गत राजकारणात सुमारे चार वर्षं ते लांबलं. शेवटी त्या संचालक झाल्याच. पण बंगळुरूच्या दाराची आठवण करून देणारं असं दुसरं दार त्यांच्या वाट्याला उतारवयातही आलं, हे विसरता येत नाही. फरक इतकाच की पहिल्या वेळी कारण तोंडावर सांगितलं गेलं होतं.

निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. 1966 मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. ग्राहक हक्कांचा कायदा यायच्या 20 वर्षं आधी. कमलाताई या संस्थेत होत्या, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या. अन्नातली भेसळ, ग्राहकाची फसवणूक यांवर त्या संस्थेच्या कीमत या मासिकात लिहीत राहिल्या. शाळकरी मुलांसाठी त्यांनी मराठीतून विज्ञानही लिहिलं. केंब्रिजची डॉक्टर मराठीत मुलांसाठी लिहिते, हे तेव्हाही फार दिसत नव्हतं आणि आजही दिसत नाही.

1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांचं निधन झालं. सत्कार आला, पण इतका उशिरा.

आज हे सगळं कुठे आहे?

तुमच्यापैकी कोणी केमिस्ट्रीत पुढे जाणार असेल, तर हे वाचा. एन्झाइम हे प्रचंड मोठे रेणू. मग प्रश्न आला, त्यातला एखादा छोटा तुकडासुद्धा उत्प्रेरक होऊ शकतो का? जर्मनीचे बेंजामिन लिस्ट यांनी प्रोलीन हे साधं अमिनो आम्ल वापरून तो होतो, हे 2000 मध्ये दाखवलं. त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी दुसऱ्या छोट्या सेंद्रिय रेणूने तसंच केलं. महागडा धातू नको, अख्खं एन्झाइम नको. अनेक गट असलेले गुंतागुंतीचे रेणू, तेही डाव्या-उजव्या हातासारख्या दोन रूपांपैकी हवं तेच, असे बनवता येऊ लागले. 2021 चं केमिस्ट्रीचं नोबेल या दोघांना मिळालं. औषधं बनवणाऱ्या लॅबमध्ये अमाइड बंध जोडणं हे रोजचंच काम आहे आणि ते कमी कचरा करून, उत्प्रेरकाने कसं करता येईल, यावर जगभर माणसं राबतायत. म्हणजे 1930 च्या दशकात बंगळुरूच्या लॅबमध्ये एक मुलगी ज्या बंधाच्या माळा अभ्यासत होती, तो बंध अजून जुना झालेला नाही.

आणि सुरुवात करायला फार मोठी लॅब लागत नाही. तुमच्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये बाययुरेट टेस्ट असेल. अल्कली आणि मोरचुदाचं पातळ द्रावण घातलं की डाळीच्या पाण्याला जांभळा रंग येतो. तो रंग अमाइड बंधांच्या माळेमुळे येतो. टेस्टचं नाव कुठून आलं माहीत आहे? युरिया तापवला की बाययुरेट नावाचा पदार्थ बनतो, आणि तोही हाच रंग देतो. म्हणजे तुमच्या एका टेस्ट ट्यूबमध्ये खत आणि वरण एकाच ओळीत उभे आहेत. जर्नलमध्ये नुसतं प्रोटीन प्रेझेंट लिहून पुढे जाऊ नका. बरबटीला किती, लाखोळीला किती, भिजवल्यावर काय, मोड आल्यावर काय, हे विचारा. हातसडीच्या तांदळात आणि मिलच्या तांदळात काय फरक, हेही विचारा. असे प्रश्न मुंबई-पुण्याच्या मुलांना सुचणार नाहीत. बांधी तुमच्या घरामागे आहे.

शेवटचं, खास मुलींसाठी. बीएस्सीनंतर गोंदिया किंवा नागपूर गाठायचं म्हटलं की घरात चर्चा सुरू होते. एवढं शिकून काय करणार, एकटी कशी राहणार, उशीर झाला तर. कमला भागवतला दार उघडून देणारा नियम तेव्हा नव्हता. आज नियम आहे, यादी लागते, आणि यादीत नाव असेल तर तुम्हाला मुलगी म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. उरलेलं दार बहुतेक वेळा घरातलं असतं. ते उघडायला वेळ लागेल, कधी वर्षभर अटीही ऐकाव्या लागतील. पण एकदा आत गेल्यावर आपण कोणाच्या ताटातला प्रश्न घेऊन बसायचं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं. कमलाताईंनी तो वालाचा दाणा घेतला. तुम्ही कुठला घेणार?